नात्याचा रकाना

वाचनालयातल्या पुस्तकांमधून अजून कुमुदबाईंच्या चिठ्ठ्या निघतात. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी, तिच्यावर लाल पेन्सिलीनं पान, ओळ आणि छापखान्याची चूक. पुस्तकावर त्या कधी लिहीत नसत. पुस्तक गावाचं, चूक छापखान्याची, आपली फक्त चिठ्ठी, असं त्यांचं म्हणणं. परवा एका प्रवासवर्णनातून अशी पट्टी खाली पडली. ‘पान ११४ वर नदी पूर्वेला वाहते. पान ९० वर पश्चिमेला वाहत होती. खरं कोणतं?’ मी ती उचलून होती तिथेच ठेवली आणि पुस्तक कपाटात लावलं.

त्यांना जाऊन दोन महिने झाले. मला रडू आलेलं नाही. सकाळी वाचनालय उघडतो, वर्तमानपत्रं मांडतो, अकरा वाजता परत घडी करून ठेवतो. बायको शोभा म्हणते, काही तरी लिहा. म्हणून लिहितो आहे. बाईंच्या सवयीप्रमाणे जे होतं तेवढंच लिहायचं ठरवलं आहे.

त्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि तीस-एक वर्षं आमच्या शेजारी राहत होत्या. मधे कमरेएवढी भिंत. उंची जेमतेम पाच फूट, चालणं भराभर, अंबाड्यात लाल पेन्सिल खोचलेली. शाळेत प्रमाण मराठी बोलायच्या आणि घराच्या फाटकातून आत आल्या की वऱ्हाडी. जणू चप्पल काढून ठेवावी तशी ती भाषा बाहेर ठेवत. दर वर्षी जून महिन्यात वर्गातल्या मुलांची उंची मोजून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहीत. माझी मुलगी त्यांच्याच वर्गात होती. ती एकदा गयावया करत म्हणाली, “बाई, एक बोट वाढवून लिहा ना, सगळ्यात बुटकी मीच दिसतेय.” बाई म्हणाल्या, “वाढायचं काम तुझं, लिहायचं काम माझं. तू वाढ, मी त्याच दिवशी लिहीन.” माझी मुलगी आता चाळिशीला आली. हे वाक्य ती अजून सांगते, आणि सांगताना हसते.

ज्या घरात बाई राहत, ते घर वासुदेवरावांचं. वासुदेवराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचे. समुद्रपूर, गिरड, हिंगणघाट. त्यांच्या आवाजात ही नावंसुद्धा भारदस्त वाटत. स्वभावानं बाईंच्या अगदी उलट: ढिले, गप्पिष्ट, पानाच्या ठेल्यावर रमणारे. पण एका बाबतीत दोघं सारखे होते. कोणी नवीन माणूस आला की वासुदेवराव ओळख करून देत, “ह्या कुमुदबाई. आमी सोबत राह्यतो.” एवढंच. पुढे कोणी ‘म्हणजे?’ असं विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश, बसचं नाव नीट ऐकू न आलेल्या प्रवाशाला सांगावं तसं.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. जाती वेगळ्या होत्या आणि वासुदेवरावांच्या आईनं देवघरापुढे उभं राहून सांगितलं होतं, माझे डोळे मिटेस्तोवर हे लगन होणार नाही. वासुदेवरावांनी आईचा शब्द पाळला. मला ते एकदा भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, “अरुण, लेका, आईनं लग्नाले नाई म्हटलं. सोबत राहाले कुठं नाई म्हटलं होतं?” आत स्वयंपाकघरातून बाईंचं हसू ऐकू आलं. त्या फार कमी हसत, म्हणून लक्षात आहे.

आई काही लवकर गेली नाही. शेवटची चार वर्षं तर ती याच घरात होती, आणि तिचं न्हाणं-धुणं, वेणी-फणी बाईंच्याच हातची. दुपारी शाळेतून आल्या की बाई आधी तिच्या खाटेशी जात. म्हातारी त्यांना ‘मास्तरीण’ म्हणायची. एक दिवस ओसरीत बाई तिचे केस विंचरत होत्या. शोभा तिथेच गहू निवडायला बसली होती. म्हातारी एकाएकी म्हणाली, “मास्तरीण, आता लावून टाका लगन. मी मनाई करत नाई.”

बाईंची फणी थांबली नाही. “आता कोणत्या हातानं मुंडावळ्या बांधू जी? एका हातात तुमची वेणी हाय, एका हातात फणी.”

“मग माह्या मागून करजा.”

“पाहू.”

म्हातारी गेल्यावर आम्ही म्हटलं, आता करा. वासुदेवराव म्हणाले, “वरातीत कोण नाचंन? तू का?” बाई म्हणाल्या, “आईच्या डोळ्यांसाठी थांबलो होतो. आता ते डोळेच नाईत, तर दाखवायचं कोणाले?” विषय तिथे संपला. मला तेव्हा तो उत्तम विनोद वाटला होता.

या घराबद्दल थोडं सांगायला हवं. दोन खोल्या, ओसरी, मागे विहीर. प्लॉट एसटीच्या कर्मचाऱ्यांना मिळालेल्यांपैकी, म्हणून वासुदेवरावांच्या नावावर. बांधकाम चाललं होतं तेव्हा बाई शाळा सुटली की थेट तिकडे येत आणि पदर खोचून भिंतींना पाणी मारत. गवंड्यानं एकवीस दिवस सांगितलं होतं. त्यांनी एकवीस दिवस मारलं, विसाव्या दिवशी पाऊस आला तरी. “पाऊस त्याचं मारंन, मी माझं,” म्हणाल्या. पुढे विहीर खणली तेव्हा त्यांनी एक दोर केला. दर हातावर एक गाठ, टोकाला लोखंडी कडी. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून शनिवारी दुपारी त्या दोर विहिरीत सोडत, किती हात पाणी आहे ते मोजत आणि जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहीत. उन्हाळ्यात आसपासच्या बाया भिंतीवरून विचारत, “बाई, किती हाय व पाणी?” बाई म्हणत, “साडेचार हात. घागरी आणा, पण टाकी भरू नका.” सगळ्या आळीनं त्या विहिरीचं पाणी त्या दोराच्या हिशेबानं प्यायलं.

लग्नपत्रिकांमध्ये लोक आपल्या चांगुलपणानं त्यांना ‘सौ.’ छापत. बाई पत्रिका वाचत, ‘सौ.’वर लाल रेघ मारत, पत्रिका खिळ्याला अडकवत आणि लग्नाला वेळेवर जात. संक्रांतीला शोभा त्यांना बोलवायची. पहिल्या वर्षी एकीनं कुंकवाची कोयरी पुढे करताना हात जरा आखडता घेतला. बाई म्हणाल्या, “मले तिळगूळ द्या व माय, कुंकू राहू द्या. दोघींचाही त्रास वाचते.” आणि तिच्याच शेजारी बसून तिच्या मुलाचं गणित कुठे कच्चं आहे ते सांगू लागल्या.

आता रेशनकार्डाची गोष्ट. ही लिहायला मी चार दिवस लावले.

नवीन कार्डं निघाली त्या वर्षी रेशन दुकानदार बबननं आळीतल्या सगळ्यांचे फॉर्म स्वतःच भरून टाकले. कार्ड आलं. कुटुंबप्रमुख वासुदेवराव. खाली कुमुदबाईंचं नाव आणि नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’. बाई कार्ड घेऊन दुकानात गेल्या. मी साखरेच्या रांगेत होतो.

“बबन, हे तू लिहिलं?”

“हो जी. काऊन? चांगलंच तं लिवलं!”

“चांगलं लिहायले नाई सांगितलं होतं. आहे ते लिहायले सांगितलं होतं.”

“बाई, कोण पाह्यते जी? साखर तेवढीच भेटन.”

“मी पाह्यते.”

त्या तीन वेळा तालुक्याला जाऊन आल्या. तिथला कारकून म्हणाला, लेखी अर्ज द्या, दोघांच्या सह्यांचा. तेव्हा संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले. माझं अक्षर बरं आहे, अर्ज-विनंत्या आळीत मीच लिहितो. वासुदेवराव खुर्चीत रेलून म्हणाले, “लिही बाबा. आमच्या हेडमास्तरीण ऐकत नाईत.” मी लिहिलं: ‘आम्ही उभयता एका घरात राहतो. आमचा विवाह झालेला नाही. शिधापत्रिकेत चुकून पत्नी अशी नोंद झाली आहे. कृपया दुरुस्ती व्हावी.’ दोघांनी सह्या केल्या. बाईंनी एकदा वाचलं. “एकही चूक नाई अरुणभाऊ,” म्हणाल्या. त्यांच्याकडून असं ऐकायला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. मी दोन दिवस खूष होतो. नवीन कार्ड आलं. रकान्यात ‘इतर’.

वासुदेवराव निवृत्तीनंतर नऊ वर्षं जगले. एका सकाळी ओसरीत पेपर वाचता वाचता गेले. चष्मा डोळ्यांवरच होता. मृत्युपत्र नव्हतं. मी एकदा सुचवलं होतं, तर म्हणाले, “ज्याच्या घरात भांडण असते तो कागद करते. आमच्या इथं कोण हाय? एक प्रशांत. तो का काकूले बाहेर काढीन?”

प्रशांत म्हणजे त्यांच्या वारलेल्या भावाचा मुलगा, हिंगणघाटला असतो. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये इथेच राहिलेला. बाईंनी त्याला बेरीज-वजाबाकी शिकवली, कावीळ झाली तेव्हा महिनाभर पथ्याचं करून घातलं. तो त्यांना ‘काकू’ म्हणायचा. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तो वाईट माणूस नाही. अग्नी त्यानंच दिला. तेरवीची पत्रिका त्यानं छापली, तिच्यात शोकाकुल म्हणून त्याचं नाव, त्याच्या बायकोचं, मुलांचं. बाईंचं नव्हतं. बाईंनी पत्रिका वाचली. मी त्यांच्या अंबाड्याकडे पाहत होतो. पेन्सिलीकडे हात गेला नाही.

दोन महिन्यांनी तो एक टाईप केलेला कागद घेऊन आला. मला बाईंनी भिंतीवरून हाक मारली.

“काकू, तुम्ही राहा ना इथं. जिवंत असेस्तोवर राहा. मी कुठं काढून राह्यलो? फक्त ह्याच्यावर सही पाह्यजे. वकील म्हणते, कागद असू द्या.”

बाईंनी कागद मोठ्यानं वाचला, वर्गात धडा वाचावा तसा. ‘सदर महिला ही माझे दिवंगत काका यांचेकडे घरकाम व देखभालीकरिता राहत होती. तिला मी माणुसकीच्या नात्याने आजीवन राहू देत आहे. तिचा सदर घरावर कोणताही हक्क नाही.’

“प्रशांत,” त्या म्हणाल्या, “हक्क नाई, हे बरोबर असंन. मले कायदा समजत नाई. पण घरकामासाठी मी कधी होती?”

“काकू, तो शब्द आहे फक्त. काही तरी लिहा लागते ना?”

“मग आहे ते लिही. सोबत राहत होते, असं लिही. मी सही करते.”

“असं नाई लिहिता येत, काकू. त्याचा अर्थ निघते मग.”

“अर्थ निघाले पाह्यजे म्हणूनच तं लिहितात बाबा.”

तो चहा न पिता गेला. पुढच्या महिन्यात कोर्टाचं पाकीट आलं. वारस म्हणून आपलं नाव लागावं, असा प्रशांतचा अर्ज होता आणि बाईंना हरकत घ्यायची असेल तर मुदत होती.

बाईंचाच एक विद्यार्थी, किशोर, तालुक्याला वकिली करतो. तो स्वतः घरी आला, चटईवर बसला. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. लग्नाशिवाय सोबत राहणाऱ्या बाईला कोणी त्रास दिला तर दाद मागता येते. पण माणूस गेल्यावर त्याच्या घराचे वारस ठरतात त्या यादीत तिच्यासाठी जागा नाही. पुतण्याला आहे. मृत्युपत्र असतं, साध्या कागदावर, दोन साक्षीदारांचं, तरी प्रश्न मिटला असता.

“पण एक रस्ता हाय, बाई. इतकी वर्षं जोडीनं राहिले म्हणजे लग्न झालेलं होतं, असं कोर्ट धरून चालते. नाई झालं, हे समोरच्यानं दाखवायचं.”

“त्याच्याकडे दाखवायले काय आहे?”

किशोरनं पिशवीतून एक झेरॉक्स काढून चटईवर ठेवली. मी माझं अक्षर ओळखलं.

किशोर पुढे म्हणाला, “हा अर्ज जुना हाय. त्याच्यानंतर लग्न केलं, असं म्हणता येते. गिरडच्या एखाद्या देवळात माळा घातल्या. अरुणकाका साक्षीले होते. बाई, तुमाले खोटं बोला लागत नाई. तुमी फक्त नाई म्हणू नका. बाकी आमी पाहून घेतो.”

मी तयार होतो. त्याच रात्री नव्हे, त्याच क्षणी तयार होतो. दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहून बाईंकडे नेला. कोणतं देऊळ, कोणता वार, सगळं घातलं होतं. माझ्या अक्षरातल्या एका कागदानं त्यांचं घर जाणार असेल, तर माझ्याच अक्षरातल्या दुसऱ्या कागदानं ते परत यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बाईंनी चष्मा लावला. पेन्सिल काढली. ‘माझ्या समक्ष’ या शब्दांखाली एक लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं: ‘तुम्ही नव्हता.’ खाली ‘विवाह’खाली रेघ: ‘झाला नाही.’ देवळाखाली रेघ: ‘गेलो नाही.’ मग कागद माझ्याकडे दिला.

“बाई, घर जाईल,” मी म्हणालो.

“हो.”

“त्यांनाही हेच हवं असतं, वासुदेवरावांना. तुम्ही इथेच राहावं.”

“त्यांनी सगळ्या जन्मात मले एकदाही बायको म्हटलं नाई, अरुणभाऊ. गावानं म्हणून पाह्यलं, आईनं म्हणून पाह्यलं, बबननं तं छापून पाह्यलं. ते म्हणत, आमी सोबत राह्यतो. त्यांचं तेवढं एकच वाक्य माह्यापाशी हाय. ते घरासाठी बदलू का मी?”

मी कागद घेऊन आलो. तो अजून आहे.

कोर्टात न्यायाधीश पन्नाशीच्या आतले, सभ्य होते. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची द्यायला लावली. मग विचारलं, दिवंगत वासुदेव यांच्याशी तुमचा विवाह झाला होता का. किशोर हातातल्या कागदांकडे पाहत होता.

“नाही.”

“घाई नका करू. विचार करून सांगा.”

“एकतीस वर्षं विचार करूनच राहत होतो साहेब,” बाई म्हणाल्या. प्रमाण मराठीत, शाळेतल्या आवाजात.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना किशोर म्हणाला, “बाई, तुमीच शिकवलं, आहे ते लिही म्हणून. माझीच केस गेली त्याच्यात.” तो हसायला बघत होता. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घर सोडलं तो शनिवार होता. सामान फार नव्हतं: एक लोखंडी कपाट, भांडी, पुस्तकांची दोन पोती. टेम्पो फाटकात उभा होता. प्रशांत ओसरीत कुलूप घेऊन थांबला होता. बाई घरामागे गेल्या आणि दोर विहिरीत सोडला. आम्ही सगळे वाट पाहत उभे राहिलो. त्यांनी ओली गाठ बोटांनी चाचपली, हजेरीपट उघडून लिहिलं. मग हजेरीपट आणि दोर दोन्ही प्रशांतच्या हातात दिले.

“पाच हात हाय. वैशाखात दोनवर येते. तवा मोटर नको लावजो, गाळ येते. शनिवारी पाहत जाजो.”

प्रशांतला काय करावं कळेना. दोरातून त्याच्या पँटवर पाणी गळत होतं. कोर्टाच्या साऱ्या कागदांत त्यानं त्यांना ‘सदर महिला’ लिहिलं होतं. तो म्हणाला, “काकू, चहा घेऊन जा.”

“उशीर होते,” बाई म्हणाल्या आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या. बसनं जाताना वासुदेवराव नेहमी बसत त्या बाजूला, खिडकीपाशी.

पवनारला धाम नदीच्या बाजूला त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. दोन वर्षं राहिल्या. मी महिन्यातून एकदा बसनं जायचो, पुस्तकं न्यायचो, जुनी परत आणायचो. घराबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, “या खोलीच्या भिंतीले कोणी नीट पाणी मारलं नाई. बोट लावलं की रेती पडते.” प्रशांतनं घर बंदच ठेवलं होतं. विहिरीत पाणी किती आहे ते आळीत कोणालाच सांगता येत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

यंदा थंडीत घरमालकिणीचा फोन आला. मी आणि शोभा पोचलो तेव्हा त्यांना धाप लागली होती. वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला. बाई चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून होत्या. मी नाव, वय, गाव भरलं. खाली ‘सोबत असलेल्या व्यक्तीचे नाव’ आणि त्याच्यापुढे ‘रुग्णाशी नाते’. मी माझं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’ लिहिलं. मुलगी म्हणाली होती, जवळच्या नातेवाइकाची सही लागते.

“दाखवा,” बाई म्हणाल्या. डोळे उघडे होते.

मी फॉर्म त्यांच्या मांडीवर धरला. त्यांनी अंबाड्याकडे हात नेला. केस दवाखान्यात आणताना शोभानं साधे बांधले होते, पेन्सिल नव्हती. मग त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला.

“भाऊ म्हणते मी तुमाले,” त्या थांबत थांबत म्हणाल्या. “पण लिहाचं ते, आहे ते.”

‘भाऊ’वर त्यांनी एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं: ‘शेजारी.’ मुलीनं फॉर्म घेतला, पाहिला आणि फाइलीत लावला. वॉर्डबॉयनं खुर्ची फिरवली. लिफ्टचं दार लागेपर्यंत बाई माझ्याकडे पाठ करून होत्या. मला त्यांचे पांढरे केस दिसत होते. ते शेवटचं. वॉर्डात रात्री कोणाला थांबू देत नव्हते; पहाटे दवाखान्याचा फोन आला.

त्या फॉर्मवर त्यांच्या गावाचं नाव पवनार होतं, माझ्या नावापुढे आमचं गाव. मधे अर्ध्या जिल्ह्याचं अंतर. दोन वर्षांपासून आम्ही शेजारी नव्हतो. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं, परत येताना, बसमध्ये. जन्मभरात एवढी एकच नोंद त्यांनी आहे तशी केली नाही. दवाखान्याचे कागद पुढे मी घेऊन आलो, त्यात तो फॉर्मही आहे. ती नोंद मी तशीच राहू दिली आहे.